सरासरी ओहोटी

समुद्रालाही वेळापत्रक असतं हे कळलं, तेव्हा उपप्रमुखांचा समुद्राबद्दलचा आदर एकदम वाढला. तोवर त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. दिवसभर येणं आणि जाणं, आणि पोचणं कुठेच नाही, असली फेरी त्यांनी कधी मंजूर केली नसती. शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागाचे ते उपप्रमुख होते. विभागाला प्रमुख नव्हता. ती जागा नऊ वर्षं रिकामी होती, आणि नऊ वर्षं उपप्रमुख त्या रिकाम्या खुर्चीच्या उजव्या हाताला बसत आले होते. शेजारीपाजारी सगळे त्यांना उपप्रमुखच म्हणत. बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची, पण त्यातही ती पदाचा मान राखते असं त्यांना वाटे.

समुद्राशी संबंध आला तो गुडघ्यामुळे. गुडघा बायकोचा, उजवा. हाडांच्या डॉक्टरांनी तो बदलायचं ठरवून वर्ष झालं होतं, आणि बायकोने दोनदा ऑपरेशनची तारीख घेऊन दोनदा ती मोडली होती. तिसऱ्यांदा दोघं दवाखान्यात बसलेली असताना ती समोरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ बघत राहिली. कॅलेंडर कुठल्याशा मलमाचं होतं. चित्रात एक समुद्रकिनारा होता आणि जंगल थेट वाळूपर्यंत उतरलेलं. झाडं अशी ओणवलेली, की पाणी प्यायलाच आली असावीत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: सागरी उद्यान, तिसरा किनारा.

आत गेल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं, की नव्या गुडघ्यावर अशा ठिकाणी जाता येईल का. डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर हवं तेवढं चाला, पण झाडांच्या मुळांवरून आणि ओल्या दगडांवरून चालणं विसरायचं.

“मग आधी या गुडघ्याने जाऊन येते,” ती म्हणाली. “माझ्या पायांनी जाणार, माझ्या पायांनी येणार. कुणी हात द्यायचा नाही. तेवढं झालं की खुशाल कापा. नाही झालं, तर मला पुन्हा बोलावू नका.”

डॉक्टरांनी उपप्रमुखांकडे पाहिलं. उपप्रमुखांनी कॅलेंडरकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे आजवर दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक, स्वयंपाकघराला खिडकी. दुसरी, चार दिवसांसाठी आलेल्या त्यांच्या काकांना अकराव्या महिन्यात तरी काहीतरी सूचित करावं. खिडकी सात वर्षांनी झाली आणि काकांनी स्वतःच मनावर घेतलं. ही तिसरी गोष्ट तरी वेळेवर पार पाडायची, असं उपप्रमुखांनी तिथल्या तिथे ठरवलं, आणि घरी येऊन एक नवी फाइल उघडली.

फाइल उघडली की वास सुटतो म्हणतात, तसं काहीसं झालं असावं. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरचे निवृत्त औषधविक्रेते एक पिशवी घेऊन वर आले. पिशवीत बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या होत्या. आम्ही बोटीत बसणार नाही, चालणार आहोत, असं उपप्रमुखांनी सांगून पाहिलं. त्यावर औषधविक्रेते म्हणाले, की काही लोकांना नुसती बघूनही लागते. मग त्यांनी जळवांसाठी मीठ दिलं, मिठाने आग झाली तर लावायचं मलम दिलं, आणि मलमाने पुरळ उठलं तर घ्यायची गोळी दिली, जिने म्हणे झोप येते. मेव्हणीने फोनवरून बजावलं, की पॅन्ट मोज्यांच्या आत खोचा आणि वर दोरी बांधा. एवढं केल्यावर उठताबसता येणार नाही, पण जळूही वर चढणार नाही. वरच्या मजल्यावरच्या पोहायच्या मास्तरांनी तर शिकवणीच लावली. मास्तरांची सगळी हयात चार फूट पाण्याच्या तलावात गेली होती आणि समुद्र म्हणजे काठ नीट न बांधलेला तलाव, असं त्यांचं मत होतं. उपप्रमुखांना पोहता येत नव्हतं. मास्तरांनी त्यांना दिवाणावर पालथं झोपवून हात मारायला लावले. तिसऱ्या हाताला मान लचकली. पुढचे पाच दिवस उपप्रमुख ऑफिसात फक्त समोर बघत होते, आणि हाताखालच्या लोकांना वाटलं, की प्रमुखाच्या जागेबद्दल काहीतरी हालचाल आहे.

अशा मानेने ते परवानगीच्या कार्यालयात गेले. तिसऱ्या किनाऱ्यावर जायचं तर लेखी परवानगी लागे, कारण वाटेत एक ओढा होता. अर्जात ‘प्रवेशाचा उद्देश’ असा रकाना होता आणि त्याखाली तीनच पर्याय होते: संशोधन, चित्रीकरण, दुरुस्ती. तिसरा किनारा नुसता बघायला कुणी येईल, असं अर्ज छापणाऱ्याला सुचलं नसावं. उपप्रमुखांनी प्रामाणिकपणे विचार करून ‘दुरुस्ती’वर खूण केली आणि पुढे कंसात ‘पूर्वीचा प्रवास’ असं लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, दुरुस्ती कशाची. गुडघ्याची, असं उत्तर मिळाल्यावर त्याने आतल्या माणसाला विचारलं, आतल्याने त्याच्या आतल्याला. शेवटी निरोप आला, की कशाचीही असो, दुरुस्ती असेल तर अवजारांची यादी जोडावी लागेल. बायको काठीसुद्धा घेणार नव्हती. उपप्रमुखांनी एका कोऱ्या कागदावर ‘अवजारे: निरंक’ असं लिहून खाली सही केली, आणि यादी मंजूर झाली.

याच खिडकीतून त्यांना ती पुस्तिका मिळाली. भरती-ओहोटीच्या वेळा, दिवसवार. जायच्या तारखेचं पान अर्जाला जोडायचं होतं. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, तेवढ्याच वेळात ओढा पायी ओलांडता येतो, असं कारकून म्हणाला. उपप्रमुखांनी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली. एवढं मोठं पाणी, आणि त्याला रकाने. त्यांना भरून आलं.

घरी येऊन चष्मा पुसून ते वाचायला बसले, आणि भरून आलेलं हळूहळू उतरलं. समुद्र रोज उशीर करत होता. आज जी ओहोटी सहा वाजता, ती उद्या सात वाजायच्या सुमाराला, परवा आणखी पुढे. बरं, उशिरालाही शिस्त नाही. कधी अडतीस मिनिटं, कधी बावन्न, कधी तासाच्या वर. असा एखादा ड्रायव्हर असता तर त्यांनी त्याला डेपोत बसवून ठेवला असता. पण उपप्रमुख वेडंवाकडं पाहून डगमगणारे नव्हते. त्यांच्या विभागाचा धंदाच तो होता. महिनाभराच्या खऱ्या नोंदी घ्यायच्या, सरासरी काढायची, जवळच्या पाचावर आणायची, की झालं वेळापत्रक. एखाद्या दिवसाच्या नोंदीवर विसंबून राहायचं नाही, हा विभागाचा पहिला नियम. एक दिवस काय, टायर पंक्चर झालेलं असू शकतं. त्यांनी दिवसा येणाऱ्या सगळ्या ओहोट्या एका कागदावर उतरवल्या, बेरीज केली, भागाकार केला. अकरा वाजून अडतीस मिनिटं. पाचावर आणून अकरा चाळीस.

मग त्यांनी चालण्याचं वेळापत्रक टाइप केलं. चार पानं. ठिकाण, पोचणे, सुटणे, शेरा. सकाळी सहाला दार, आठला ओढा (दोन तासांच्या नियमाआधी, पण पाणी उतरतं असल्याने सवलत, असा शेरा), सव्वाआठला तिसरा किनारा, बारा वाजून दहा मिनिटांनी परत ओढा. तिन्ही किनाऱ्यांसमोर ‘सृष्टिसौंदर्य: चार मिनिटे’ अशी तरतूद होती. बायकोने वाचून विचारलं, चार मिनिटांत नाही मावलं तर? उपप्रमुख म्हणाले, तिसऱ्या किनाऱ्यावर राखीव वेळ धरला आहे.

ठरल्या दिवशी सहाला दोन मिनिटं कमी असताना दोघं उद्यानाच्या दाराशी होती. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने परवानगीवर शिक्का मारला आणि तो चहा करायला आत गेला. दाराशेजारी एक फळा होता. त्यावर खडूने लिहिलं होतं: आजची ओहोटी ६.१०. उपप्रमुखांनी मान हलवली. कुठल्या तरी दिवसाची वेळ कुणीतरी पुसायची विसरलं होतं. सरकारी फळ्यांचं हेच असतं. खाली कडेला खडू होता आणि ओलं फडकंही होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फळा स्वच्छ पुसला, आणि सुरेख, ठसठशीत, शिरोरेघ सलग ओढलेल्या अक्षरात लिहिलं: आजची ओहोटी ११.४०. एक नागरिक म्हणून त्यांना बरं वाटलं.

पहिला किनारा वेळेत उरकला. म्हणजे उपप्रमुखांनी उरकला. बायको उगाचच एका लाटेकडे पाठोपाठ तीनदा बघत होती. त्यानंतर वाट जंगलात शिरली, आणि दहा पावलांत मागचा समुद्राचा आवाज बंद झाला. कुणी हळूच दार ओढून घ्यावं तसा.

उपप्रमुखांना झाडं माहीत होती. बसच्या वरच्या टपाला फांद्या लागतात, त्याबद्दल त्यांनी पत्रव्यवहार केलेला होता. पण ही झाडं त्या पत्रव्यवहारात बसण्यासारखी नव्हती. एकेकाचा बुंधा जमिनीपाशी भिंतींसारखा पसरलेला, माणसाच्या डोक्यावरून उंच, आणि दोन भिंतींच्या मध्ये एक खोली सहज होईल एवढी जागा. एका झाडाभोवती ते पावलं मोजत फिरले. एक्केचाळीस भरली. मोजून झाल्यावर हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा हे त्यांना सुचेना. वर पाहावं तर खोड जात होतं, जात होतं, आणि मग हिरव्याच्या आत हिरवं मिसळून दिसेनासं होत होतं. शेंडा असा कुठे नव्हताच. लचकलेली मान अजून पुरती बरी नव्हती. ती तशीच वर अडकली आणि पहिल्यांदाच त्यांना तिचा राग आला नाही. तेवढ्यात वरून एक पान सुटलं. गोल गोल फिरत, मध्येच उजेडाच्या पट्ट्यात पेटून, पुन्हा विझून, ते निवांत खाली येत राहिलं. उपप्रमुखांचं घड्याळ आपोआप समोर आलं. एकोणीस सेकंद. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पान: १९ से.’, आणि ते खोडायचा विचार मनात येऊनही खोडलं नाही.

बायको पुढे होती. मुळं वाटेवर दोरखंडासारखी पडली होती आणि ती प्रत्येकीशी थांबून जणू आधी ओळख करून घेत होती. उतार आला की आडवी व्हायची, डावा पाय खाली, मग उजवा, मग दोन श्वास. उपप्रमुखांचा हात दर वेळी पुढे जायचा. दर वेळी ती त्या हाताकडे कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीकडे बघावं तसं बघायची आणि एकटी उतरायची. एकदा तिचा पाय सटकला. ती मुळावर बसली, गुडघा धरून, ओठ मिटून. उपप्रमुख शेजारी उभे राहिले. वेळापत्रकात इथे काहीही नव्हतं. काही वेळाने ती उठली आणि म्हणाली, “झालं. चला.” ती चालू लागली तरी उपप्रमुखांना जागचं हलायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या किनाऱ्याची चार मिनिटं मुळांवरच खर्ची पडली, आणि आठ वाजता, अगदी आठ वाजता, ओढा आला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. उपप्रमुख खूश झाले. अजून साडेतीन तास उतरायचं आहे, परतताना कोरड्या पायांनी जाऊ, असं त्यांनी सांगितलं. बायको म्हणाली, पाणी तर आतल्या बाजूला चाललंय. उपप्रमुखांनी समजावलं, की पाण्याला कधी कधी भास होतो.

तिसरा किनारा कॅलेंडरमधल्यासारखा नव्हता. कॅलेंडरला चौकट असते. इथे जंगल संपायच्या आधीच वाळू सुरू होत होती आणि वाळू संपायच्या आधी समुद्र, आणि समुद्र कुठे संपतो हे सांगायला कुणी नव्हतं. ओणवलेली झाडं खरोखर तिथे होती. बायकोने त्यातल्या एकाच्या खोडाला पाठ टेकली आणि ती खाली बसली. तिने चपला काढल्या आणि गुडघा सरळ केला. उपप्रमुखांनी चार मिनिटं मोजायला घड्याळ पाहिलं, आणि मग वाळूकडे पाहिलं, आणि ती चार मिनिटं कुठे गेली ते नंतर त्यांना कधीच सांगता आलं नाही.

वाळूवर सगळीकडे वाळूच्याच गोळ्या होत्या, मोहरीएवढ्या. हजारो, लाखो. नुसत्या पडलेल्या नव्हत्या, मांडलेल्या होत्या. मध्ये एक बारीक भोक, आणि त्याभोवती गोळ्यांच्या ओळी, जशा दिव्यातून उजेडाच्या रेघा निघाव्यात. प्रत्येक भोकापाशी नखाएवढा एक खेकडा. वाळू तोंडाशी घ्यायचा, तिच्यातलं काय ते खायचा, उरल्याची गोळी करून मागे टाकायचा, एक पाऊल बाजूला, पुन्हा गोळी. उपप्रमुख गुडघ्यांवर बसले. मग ओणवे झाले. मग पोटावर झोपले, दिवाणावर झोपले होते तसे. कुणी देखरेख करत नव्हतं, तरी एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीत जात नव्हती. एवढा मोठा विभाग, आणि प्रमुख नाही. उपप्रमुखसुद्धा नाही.

साडेआठनंतर ओढ्याच्या बाजूने हसण्याचे आवाज आले आणि टपाल खात्यातले पाच निवृत्त लोक मांड्यांपर्यंत भिजलेले, पिशव्या डोक्यावर घेतलेले, वाळूवर आले. त्यांचे पुढारी माजी पोस्टमास्तर होते. ते म्हणाले, पाणी जरा जास्त वाटलं, पण दारावरच्या फळ्याने अकरा चाळीस सांगितलं आहे, तेव्हा काळजी नाही. उपप्रमुखांनी मान डोलावली. आपल्या कामाचा लोकांना उपयोग होताना बघणं हा एक वेगळाच आनंद असतो.

दहाच्या सुमाराला खेकडे अचानक कामावरून उठले. पाचच्या ठोक्याला ऑफिस उठतं तसे, पण न बोलता. एकेक जण आपल्या भोकात उतरला, आतून वाळूचं बूच लावलं, आणि किनारा रिकामा झाला. अजून पाणी चांगलं वीस पावलं लांब होतं. उपप्रमुखांना वाटलं, जेवणाची सुट्टी असेल. पण मग एक लाट आली आणि जवळच्या ओळी घेऊन गेली. दुसरी आली, तिने पुढच्या घेतल्या. लाटा मागे हटायचं नावच घेईनात. अर्ध्या तासात ती सगळी मांडणी पुसली गेली. उपप्रमुख ओढ्यापर्यंत चालत गेले. ओढा नव्हता. तिथे एक रुंद, हिरवं, गप्प पाणी होतं, आणि ज्या मुळांवर टेकून त्यांनी सकाळी बूट काढले होते ती मुळं त्याच्या आत होती.

परत येऊन त्यांनी घसा साफ केला आणि पाणी किंचित वाढल्याचं कळवलं. टपालवाले उठून बघून आले. येताना कुणी हसत नव्हतं.

“ज्याने कुणी तो फळा लिहिलाय,” पोस्टमास्तर पाय पुसत म्हणाले, “त्याला एकदा भेटायचंय मला. अक्षर मात्र काय सुंदर होतं हो.”

उपप्रमुख क्षितिजाकडे बघत होते.

“यांचंच आहे,” बायको म्हणाली.

मग पोस्टमास्तरांनी विचारलं, की अकरा चाळीसच का. उपप्रमुखांनी खाली बघत सगळं सांगितलं. महिन्याच्या नोंदी, सरासरी, जवळच्या पाचावर आणणं. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की शेवटचा भाग लाटेतच गेला. पोस्टमास्तर रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी फक्त मोठा श्वास सोडला.

“आम्हीही काढायचो सरासरी,” ते म्हणाले. “पत्र पोचायला किती दिवस लागतात त्याची. वर अहवाल जायचा, शाबासकी यायची. पत्रं आपली आपल्या दिवशीच पोचायची.”

त्यांनी आपल्या पिशवीतला पाव काढला, दोन तुकडे केले आणि एक उपप्रमुखांना दिला.

बारा वाजता किनाऱ्याची पट्टी उरली ती अंगणाएवढी. समुद्र झाडांच्या मुळांपर्यंत आला आणि तिथे थांबला. खरोखर थांबला. पुढेही नाही, मागेही नाही. गळलेली पानं पाण्यावर जागच्या जागी तरंगत राहिली. जंगलही गप्प झालं. उपप्रमुखांनी आयुष्यात इतकी मोठी गोष्ट इतकी स्वस्थ उभी राहिलेली पाहिली नव्हती. त्यांना भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण ती कुठेतरी दुसऱ्या रांगेत बसली होती.

त्याच सुमाराला यंत्राचा फटफट आवाज आला आणि एका लहान बोटीतून उद्यानाच्या रक्षकबाई आल्या. दिवसपाळीला आल्यावर त्यांना फळा दिसला होता. त्यांनी आधी माणसं मोजली, मग फळा कुणी बदलला ते विचारलं. सगळ्यांनी मिळून इतर ठिकाणी पाहिलं. उपप्रमुख पुढे झाले. रक्षकबाईंनी आवाज न चढवता त्यांना जे ऐकवलं, ते नऊ वर्षांत रिकाम्या खुर्चीनेही कधी ऐकवलं नव्हतं. टपालवाल्यांनंतर तासाभराने कुणी आलं असतं तर गळ्याएवढ्या पाण्यात उतरलं असतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. उपप्रमुखांनी दोन्ही वेळा “हो” म्हटलं. लेखी निवेदन मागितल्यावर त्यांनी तिथेच, त्याच ठसठशीत अक्षरात, काहीही न लपवता लिहून दिलं. फक्त एक शंका त्यांना आवरेना. पुस्तिकेतल्या वेळा सरासरीच्या नाहीत, तर मग त्या आधीच कशा छापता येतात?

“चंद्र रोज उशिरा उगवतो. तसं पाणी उशिरा येतं,” रक्षकबाई म्हणाल्या. “कुठल्या दिवशी किती, ते शंभर वर्षं पुढचंही सांगता येतं. चुकत नाही.”

“कधीच?”

“तो कशाला चुकेल? त्याला कुणाला दाखवायचंय?”

उपप्रमुखांनी वर पाहिलं. भर दुपारच्या आकाशात चंद्र वगैरे काही नव्हतं. तो कुठेतरी पलीकडे, जमिनीच्या खालच्या बाजूला, न दिसता हे एवढं पाणी इथवर आणून धरून उभा होता. आणि सही कुणाचीच नव्हती. त्यांनी नकळत हातातलं वेळापत्रक घडी करून खिशात घातलं.

टपालवाले बोटीत चढले. रक्षकबाईंनी बायकोकडे हात पुढे केला. ती जागची हलली नाही.

“मी चालत आलेय. चालतच जाणार.”

बाई म्हणाल्या, अडकलेल्या माणसांना मागे ठेवून जायचं नाही असा नियम आहे.

“आम्ही अडकलेलो नाही,” ती म्हणाली. “आम्ही बसलोय.”

रक्षकबाईंनी तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. असा प्रसंग नियमात नव्हता. शेवटी त्यांनी निवेदनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ‘आम्ही स्वखुशीने बसलो आहोत’ असं लिहून घेतलं. साडेचारच्या आधी पाण्यात पाय घालायचा नाही, आणि तेव्हा मी पलीकडच्या काठावर असेन, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी उपप्रमुखांना विचारलं, तुम्ही?

बोटीत जागा होती. दारापाशी चहा होता, कोरडे कपडे होते, आणि तिथून कुणालाही न भेटता मुक्कामाच्या खोलीवर जाता आलं असतं. समोर साडेचार तासांनी एक ओढा होता आणि त्यांना पोहता येत नव्हतं. पोस्टमास्तर बोटीतून समजुतीने बघत होते. उपप्रमुखांनी निवेदन मागून घेतलं आणि ‘आम्ही’च्या खाली स्वतःची सही केली.

ती दुपार मग कुठल्याच रकान्यात गेली नाही. पाणी जसं आलं तसं, कुणी न हाकलता, जाऊ लागलं. पोटाला पिवळा पट्टा असलेला एक मोठा पक्षी डोक्यावरून गेला आणि त्याच्या पंखांचा आवाज कुणीतरी जाड चादर झटकावी तसा आला. बायको अधूनमधून डुलकी घेत होती. तीनच्या सुमाराला ओली, कोरी वाळू उघडी पडली, आणि बुचं आतून निघाली. खेकडे बाहेर आले. सकाळचं सगळं गेलं होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पहिली गोळी, एक पाऊल बाजूला, दुसरी गोळी.

“अगं, बघ,” उपप्रमुख कुजबुजले. ती आधीच बघत होती.

“मला भीती वाटते त्या ऑपरेशनची,” ती खेकड्यांकडे बघतच म्हणाली. “दुखण्याची नाही. नंतर लोक मला धरून नेतील आणि धरून आणतील, त्याची.”

उपप्रमुख वाळूवरून सरकून तिच्या शेजारी बसले.

साडेचारला पलीकडे रक्षकबाई दिसल्या. ओढा पुन्हा ओढा झाला होता, पण पाणी अजून मांडीला लागेल एवढं होतं आणि या वेळी ते जोरात बाहेर ओढत होतं. बायकोने साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि ती उतरली. मध्यावर पाण्याने तिला एक धक्का दिला. ती थांबली. उपप्रमुखांनी काठावरून हात उचलला आणि स्वतःच्याच दुसऱ्या हाताने तो खाली धरून ठेवला. पलीकडे रक्षकबाईंनीही हात पुढे केला नव्हता. ती डावा पाय रोवून उभी राहिली, दोन श्वास घेतले, मग उजवा. मग पुन्हा डावा. पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून पोटरीवर. ती काठावर चढली.

मग उपप्रमुख उतरले. मध्यावर त्यांचे डोळे आपोआप मिटले आणि पाय जागचे हलेनात. सगळीकडे पाणी बाहेर चाललं होतं, शिस्तीत, वेळेवर, त्यांना वळसा घालून. पाण्यातून कुणीतरी परत येत असल्याचा आवाज आला, आणि मग मनगटावर बायकोची पकड बसली.

“डोळे उघडा हो. तळ दिसतोय.”

तळ खरंच दिसत होता. तिने त्यांना काठापर्यंत आणलं, मनगट सोडलं, आणि एका मुळावर बसून चपला घातल्या. गुडघा टम्म सुजला होता. तिने त्याच्यावरची वाळू झटकली, दोन बोटांनी त्याला जरा दाबून पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली. “आता कापू दे त्यांना.”

आणि जंगलाच्या वाटेला लागली, पुढे. उपप्रमुख तिच्या दोन पावलं मागे राहिले. समोर अजून दीड तासाची मुळं होती.